गाडीचा पत्रा आणि मिस्त्रीची हातोडी

सांगलीत गाडी बघायला गेलेला माणूस शोरूममध्ये शिरला की किल्ली मागायच्या आधी दाराच्या पत्र्यावर अंगठा दाबून बघतो. पत्रा जरा आत गेला की त्याचा चेहरा उतरतो. मग बॉनेटवर टिचकी मारली जाते, दार जोरात लावून त्याचा आवाज ऐकला जातो आणि सोबत आलेला मेहुणा निकाल देतो, "पत्रा हलकाय." आठ-दहा लाखांचा व्यवहार त्या टिचकीवर अडतो. मी सव्वीस वर्षं पिंपरी-चिंचवडकडे एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग बनवतात त्या विभागात काढली. दरवाजे, छपरं, मडगार्डं ज्या डायमधून, म्हणजे साच्यांतून निघतात त्या बसवायच्या आणि दुरुस्त करायच्या, हे माझं काम. निवृत्त होऊन सांगलीला परत आलो, तेव्हापासून नात्यातला किंवा ओळखीचा जो कुणी गाडी घेणार असेल तो मला फोन करतो. पहिला प्रश्न पत्र्याचाच असतो.

गेल्या दिवाळीत तासगावच्या भाच्यानं जरा वेगळं विचारलं. "मामा, आता ॲल्युमिनियम बॉडीच्या गाड्या येणार म्हणतात. हलक्या, गंज नाही, ॲव्हरेज जास्त. थांबू का दोन वर्षं?" शेजारी बसलेल्या माझ्या आईच्या कानावर तो शब्द पडला. "म्हणजे जर्मनच ना?" तिनं विचारलं. आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी ॲल्युमिनियम म्हणजे आजही जर्मन. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. "जर्मनला एकदा पोचा पडला की तो निघत नाही बाबा. त्याची गाडी कशाला घेतोस?"

भाच्याला तेव्हा फोनवर धड उत्तर देता आलं नाही. आता सविस्तर देतो. माझं मत असं की सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर पुढची वीस वर्षं जी सामान्य घरातली गाडी धावणार आहे, तिचा सांगाडा स्टीलचाच असावा. पण स्टील जिंकलं म्हणून टाळ्या वाजवायला मी हा लेख लिहीत नाही. गाडीतलं स्टील गेल्या वीसेक वर्षांत पार बदललं आहे आणि ते बदललेलं स्टील हाताळायचं ज्ञान आपल्या गॅरेजपर्यंत आलेलं नाही. ॲल्युमिनियम की स्टील या वादात हा धोका झाकला जातो, आणि मला काळजी आहे ती त्याची.

आधी टिचकीचा हिशेब मिटवू. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार व्हायची. ती ज्यांनी चालवली आहे त्यांना आठवत असेल, तिला मोटरसायकलसारखी नळ्यांची फ्रेम नव्हती. दाबून वळवलेला पत्रा हीच तिची फ्रेम. तिथे पत्रा जाड असण्याला अर्थ होता, कारण वजन पेलत होता तो पत्राच. आजची कारही वेगळ्या चासीशिवाय, दाबलेल्या पत्र्यांचीच बनते. पण तिच्यात दोन थर असतात. बाहेरून दिसतो तो कातडीचा थर: दरवाजाचा बाहेरचा पत्रा, मडगार्ड, बॉनेट. याची जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास असते. त्याचं काम वारा-पाऊस अडवणं आणि छान दिसणं. टक्कर झाली की माणूस वाचवतो तो आतला सांगाडा. पुढच्या-मागच्या दाराच्या मधला पिलर म्हणजे खांब, काचेच्या बाजूचा पिलर, दाराखालचा उंबरा, दाराच्या पोटातली आडवी पट्टी, इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले दोन हात. अंगठा दाबून यातलं काहीच कळत नाही. कातडीचा पत्रा दाबल्यावर आत जातो म्हणून गाडी कमजोर म्हणणं म्हणजे भिंतीचा रंग खरवडून घराच्या पायाबद्दल मत देणं.

याचा पुरावा समोर आहे. २०१४ मध्ये गाड्या आदळवून त्यांच्या सुरक्षेला पाचपैकी तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं आपल्या बाजारातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या टक्कर चाचण्या जाहीर केल्या आणि मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पाचही स्टीलच्याच. त्यात जिच्या दाराच्या भक्कम आवाजाचं आपल्याकडे कौतुक व्हायचं अशी एक जर्मन कंपनीची गाडीही होती. तिला एअरबॅग बसवून पुन्हा तपासल्यावर चार तारे मिळाले, बाकीच्यांतल्या काहींचा सांगाडाच इतका ढासळला की एअरबॅगनंही काम भागलं नसतं. मग २०१८ च्या डिसेंबरमध्ये टाटांच्या नेक्सॉननं पाच तारे मिळवले. तीही स्टीलचीच. धातू तोच आणि निकाल शून्य ते पाच. फरक सांगाड्याच्या रचनेत आणि स्टीलच्या प्रतीत होता. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. गाडी घेणाऱ्यानं टिचकी मारण्याआधी तो निकाल मोबाइलवर बघावा, एवढं मी प्रत्येकाला सांगतो. गंमत अशी की या चाचणीत ताशी ६४ किलोमीटरनं गाडी ज्या अडथळ्यावर आदळवतात, तो मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या ॲल्युमिनियमचा असतो. चुरगळत जाऊन धक्का गिळण्यात हा धातू पटाईत आहे.

आता त्या बदललेल्या स्टीलबद्दल. मी प्रेस शॉपमध्ये लागलो तेव्हा बहुतेक सगळी बॉडी साध्या माइल्ड स्टीलची असायची. ओढायला मऊ, वेल्डिंगला सरळ, चुकलं तर हातोडीनं ठोकून जागेवर आणता येणारं. त्याची ताण सोसण्याची ताकद २७०-३०० मेगापास्कल (ही ताकद मोजायचं एकक). हळूहळू ५९०, ७८०, ९८० असे आकडे कॉइलच्या, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीच्या चिठ्ठीवर दिसायला लागले. त्यानंतर हॉट स्टॅम्पिंग आलं. यात बोरॉनचा अंश असलेल्या स्टीलचा ब्लँक, म्हणजे मापात कापलेला पत्रा, भट्टीत ९०० अंशांच्या वर तापवतात, लालबुंद असतानाच प्रेसमध्ये घालून आकार देतात आणि आतून पाणी फिरणाऱ्या डायमध्ये काही सेकंद तसाच दाबून धरतात. आकार आणि पाणी देणं एकाच दाबात. लोहार कोयत्याला पाणी देतो तेच, फक्त इथं कोयत्याऐवजी गाडीचा पिलर. बाहेर येतो तो तुकडा १५०० मेगापास्कलचा असतो, साध्या पत्र्याच्या पाचपट. असा पिलर मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा सवयीनं त्यावर कानस ओढून पाहिली. कानस घसरत गेली. ड्रिलचा नेहमीचा बिट लावला तर तो जळाला.

म्हणजे पूर्वी ताकद हवी असेल तर जाडी वाढवावी लागायची, आता पातळ पत्र्यात ती मिळते. "पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा कसा जाड होता" असं हळहळणाऱ्यांना मी सांगतो, त्या जाड पत्र्याच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे यायचा. आठवणीत भक्कम वाटणारी प्रत्येक वस्तू माणूस वाचवणारी नसते.

ॲल्युमिनियमची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती हलकी बाजू नाही. एक घन सेंटिमीटर स्टील ७.८५ ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम २.७. ताठपणा मात्र स्टीलच्या तिसराच हिस्सा, त्यामुळे पत्रा जाड घ्यावा लागतो. तरीही सगळी वजाबाकी करून बॉडी चाळीसेक टक्के हलकी होऊ शकते. ऑडीनं १९९४ मध्ये ए८ ही गाडी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर उभी केली. टाटांच्या मालकीच्या रेंज रोव्हरनं २०१२ मध्ये पूर्ण ॲल्युमिनियमची बॉडी आणली आणि आधीच्या गाडीपेक्षा ४२० किलोपर्यंत वजन उतरवलं. अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या फोर्ड एफ-१५० या पिकअपची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची झाली आणि तिथं ३०० किलोंहून जास्त वजन कमी झालं. या गाड्या काही कचकड्याच्या नाहीत. नीट रचना केली तर ॲल्युमिनियमही माणूस वाचवतं. पण त्याच ऑडीनं २०१७ च्या ए८ मध्ये प्रवासी बसतात त्या गाभ्यासाठी हॉट स्टॅम्प केलेलं स्टील वापरलं आणि ॲल्युमिनियम भोवती ठेवलं. हे वळण मला फार बोलकं वाटतं. पैशाची अडचण नसलेली, या धातूत वीसहून जास्त वर्षं मुरलेली कंपनी जेव्हा कमी जागेत जास्त ताकद शोधते, तेव्हा ती पुन्हा स्टीलच्या दारात येते.

आपला स्वतःचाही एक अनुभव आहे, त्याकडे कुणी या नजरेनं पाहत नाही. आपली एसटी. वर्षानुवर्षं दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरच्या कार्यशाळांमध्ये चासीवर ॲल्युमिनियमची बॉडी बांधली जायची. पट्ट्या, पत्रे, रिबिटं. हलकी, न गंजणारी, डेपोत ठोकठाक करून चालणारी. पण अपघातात ती बॉडी फाटायची आणि फाटलेल्या पत्र्यानं प्रवाशांना जखमा व्हायच्या. अलीकडच्या काळात महामंडळानं सुरक्षेचं कारण देऊन माइल्ड स्टीलच्या बांधणीकडे मोर्चा वळवला. मी यातून ॲल्युमिनियम वाईट असा निष्कर्ष काढणार नाही. रिबिटांनी जोडलेली पट्टी आणि रेंज रोव्हरचा चिकटवून-रिबिटून एकजीव केलेला सांगाडा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझं म्हणणं इतकंच की तो दुसऱ्या प्रकारचा सांगाडा महाग पडतो, आणि स्वस्तात करायला गेलं की तोच धातू एसटीच्या जुन्या बॉडीसारखा वागतो. दहा लाखांच्या गाडीत कंपनी कुठला रस्ता घेईल?

वजनानं इंधन वाचतं हे खरं, पण किती? ढोबळ हिशेब करू. मध्यम गाडीच्या स्टील बॉडीचं वजन ३०० किलो धरा. ॲल्युमिनियमची १८० भरेल. १२० किलो वाचले. १०० किलो कमी झाले की १०० किलोमीटरला साधारण ०.३ लिटर पेट्रोल वाचतं असा आमच्या धंद्यातला ठोकताळा, म्हणजे इथं ०.३६ लिटर. आपल्याकडची घरगुती गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर पळते असं मानलं तर वर्षाला ४३ लिटर, साडेचार हजार रुपयांच्या घरात. वाईट नाही. पण ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा किलोचा भाव स्टीलच्या तिप्पट-चौपट, डाय वेगळ्या, आणि जोडणीचं तंत्रच निराळं. हा धातू वीज आणि उष्णता दोन्ही झटकन वाहून नेतो, त्यामुळे स्पॉट वेल्डिंगला, म्हणजे करंट सोडून ठिपक्या-ठिपक्यांनी पत्रे जोडायला, स्टीलच्या दोन-तीनपट करंट लागतो. म्हणून कंपन्या रिबिटं आणि खास गोंद वापरतात. हा सगळा खर्च शेवटी भाच्याच्या कर्जाच्या हप्त्यात येणार.

खरी गोम विजेत आहे. ॲल्युमिनियम खाणीतून धातू म्हणून निघत नाही, बॉक्साइटमधून काढलेल्या भुकटीतून ते विजेच्या जोरावर वेगळं करावं लागतं. ही रीत १८८६ मध्ये सापडली आणि आजही तीच आहे. एका किलोला साधारण १४ युनिट वीज खर्च होते. आपल्या गाडीच्या १८० किलोंना २५०० युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची ही दोन वर्षांची वीज. आपल्या पाटण तालुक्यातला कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा. तो पूर्ण ताकदीनं तासभर चालवला तर जी वीज येईल, तिच्यात पावणेआठशे गाड्यांपुरतं ॲल्युमिनियम निघेल. ही वीज पाण्यावरची असती तर मी फारसं बोललो नसतो. पण भारतातले ॲल्युमिनियमचे कारखाने मुख्यतः स्वतःच्या कोळशाच्या विजेवर चालतात. तशा ॲल्युमिनियमच्या एका किलोमागे १५ किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर स्टीलच्या किलोमागे अडीच. म्हणजे बॉडी तयार होतानाच ॲल्युमिनियमच्या डोक्यावर दोन टनांहून जास्त कार्बनचं जादा कर्ज चढतं. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो या हिशेबानं ते फेडायला गाडी अडीच लाख किलोमीटर पळाली पाहिजे. वर्षाला १२ हजारांनी वीस वर्षं. सांगलीतल्या किती घरगुती गाड्या अडीच लाख किलोमीटर गाठतात? "हलकी गाडी म्हणजे हिरवी गाडी" हे वाक्य आपल्या कोळशाच्या विजेवर तरी टिकत नाही.

इथं ॲल्युमिनियमवाले म्हणतील की भंगार वितळवून पुन्हा वापरलं तर नव्या धातूच्या पाच टक्केच ऊर्जा लागते. बरोबर. आणि ते जिथं होईल तिथं माझा वरचा सगळा हिशेब उलटेल, हेही मी मान्य करतो. पण भंगाराचं गणित कुणाला विचारायचं असेल तर विट्याच्या गलाईवाल्याला विचारावं. खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर जाऊन सोनं-चांदी गाळतात. त्यांना ठाऊक असतं की धातू आगीत मरत नाही, त्याचा कस मरतो. वेगवेगळ्या कसाचे दागिने एका मुशीत टाकले की जे निघतं ते कुणाच्याच कामाचं राहत नाही, पुन्हा शुद्ध करावं लागतं. गाडीतल्या ॲल्युमिनियमचं तसंच. पत्र्याचं ॲल्युमिनियम मॅग्नेशियमच्या जातीचं, इंजिनातलं सिलिकॉनच्या जातीचं. दोन्ही एकत्र वितळलं की त्याचा पुन्हा पत्रा होत नाही, इंजिनाचे ओतीव भागच होतात. सोनं शुद्ध करता येतं, ॲल्युमिनियममधून सिलिकॉन काढणं परवडत नाही. म्हणून जात वेगळी करून गोळा करणारी साखळी आधी लागते. आपल्या भंगाराच्या दुकानात आज ती नाही. लोखंडाला निदान चुंबक पुरतं.

गंजाबद्दल थोडंसंच. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेच्या पुरात गाड्या छपरापर्यंत बुडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या बहुतेक भंगारात गेल्या त्या वायरिंग, इंजिन आणि गाद्यांपायी. गंजाला वेळ लागतो आणि आता चांगल्या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा थर असतो. ॲल्युमिनियम तांबड्या गंजानं खात नाही हे खरं. पण त्याला स्टीलचा बोल्ट लागला आणि मध्ये पुराचा गाळ-पाणी अडकलं की ते पांढरी भुकटी होऊन झडतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो विषय. दुरुस्ती.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाडी विकल्यावर चार-पाच वर्षं गाडीला सांभाळतं. त्यानंतर वॉरंटी संपते, पूर्ण विमा परवडेनासा होतो, मालक बदलतो. मग गाडी कुपवाडच्या, कराडच्या, वाईच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे येते आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तिथंच येते. गाडीचं अर्ध्याहून जास्त आयुष्य ज्याच्या हातात आहे, त्याच्याकडे एक गॅस वेल्डिंगची नळी, एक सीओटू वेल्डिंग मशीन, हातोड्या, ठोकताना मागून धरायची डॉली, पोचा ओढायचं खेचणं, पुट्टी आणि रंगाची गन असते. माझ्या मते गाडी कुठल्या धातूची असावी हा प्रश्न या माणसाला बाजूला ठेवून सोडवताच येत नाही.

त्याच्यापुढे ॲल्युमिनियमची बॉडी आली तर? आईचं म्हणणं इथं लागू पडतं. ॲल्युमिनियम ठोकलं की तिथंच ताठरतं, दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला चिरतं. स्टीलसारखं ते आधी लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांना रंग न बदलता एकदम ओघळतं, त्यामुळे नजरेनं तापमान ओळखणारा तरबेज हातही फसतो. त्याच्या अंगावर जो ऑक्साइडचा पापुद्रा असतो तो वितळायला मात्र २००० अंशांच्या पुढे जावं लागतं, म्हणून साधं वेल्डिंग बसत नाही. आणि शेजारी स्टीलवर ग्राइंडर चालू असेल तर त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथून रंग फुगतो. म्हणून परदेशात ॲल्युमिनियमच्या कामाला वेगळी बंदिस्त खोली आणि वेगळी हत्यारं ठेवतात. हे कुपवाडच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुठून येणार? मग मालकाला गाडी पुण्याला न्यावी लागेल, किंवा एका पोच्यासाठी अख्खं दार बदलावं लागेल. जी वस्तू आपल्या गावात दुरुस्त होत नाही ती आपल्या मालकीची अर्धीच असते, असं मला मनापासून वाटतं. स्टीलच्या बाजूनं माझं सगळ्यात मोठं वजन इथं पडतं.

पण याच ठिकाणी स्टीलवालेही गप्प बसतात. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मी मिरज रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचा बंपर बसवायला गेलो होतो. तिथं एक सात वर्षांची हॅचबॅक उभी होती. आष्ट्याकडे उसाच्या ट्रॉलीचा कोपरा तिच्या कुशीत घुसला होता. थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुरुस्ती मालकाच्या खिशातून. मिस्त्री पन्नाशीचा, हात असा की पुट्टीचा थर नखाएवढाही जास्त लावणार नाही. त्यानं मधला पिलर गॅसनं लाल केला होता आणि ठोकून सरळ करत आणला होता. बाहेरून बघाल तर काम सुरेख. मी विचारलं, गॅस का मारला? तो म्हणाला, "साहेब, पत्रा लई कडक हाय हो. हातोडीला दादच देईना. गरम केल्यावर कसा लोण्यासारखा वळला."

लोण्यासारखा वळला तिथंच तो संपला होता. डायमध्ये पाणी देऊन आणलेली १५०० ची ताकद, लाल केल्यावर आणि हवेत निवू दिल्यावर निम्म्याखाली जाते. रंग लावला की ते कुणालाच दिसणार नाही, ना मालकाला, ना पासिंगला, ना उद्या ती गाडी सेकंडहँड घेणाऱ्याला. पुन्हा तशीच ट्रॉली त्याच जागी घुसली तर पिलर तिथंच दुमडेल. गाडी कागदावर चार तारे घेऊन फिरत राहील, आतला माणूस मात्र शून्यात बसलेला असेल.

मी त्या मिस्त्रीला दोष देणार नाही. तो हयगय करणारा माणूस नाही, त्याला हे कुणी सांगितलंच नाही. कोणत्या गाडीत कोणता तुकडा हॉट स्टॅम्प केलेला आहे, तो कुठं कापायचा, कुठं कापायचा नाही, किती स्पॉट मारायचे, ही माहिती कंपनीच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलमध्ये असते. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की हा भाग तापवू नये, सरळ करू नये, बदलावा. ते मॅन्युअल कंपनीच्या अधिकृत केंद्राबाहेर पडत नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण माझ्या अनुभवात त्यातून सामान्य मिस्त्रीच्या हाती पडतं ते ग्राहक क्रमांक आणि वॉरंटीची माहिती. पिलरचा नकाशा पडत नाही.

माझी मागणी साधी आहे. जी कंपनी सुरक्षेच्या तारकांची जाहिरात करते, तिनं त्या गाडीच्या सांगाड्याचा नकाशा, कुठलं स्टील कुठं आहे आणि दुरुस्ती कशी करायची यासकट, मराठीत आणि इतर भारतीय भाषांत फुकट आणि सर्वांना खुला ठेवावा. तारे देताना सरकारनं ही अट घालावी. यात कंपनीचं कुठलंही गुपित फुटत नाही, प्रतिस्पर्धी कंपन्या एकमेकांच्या गाड्या विकत घेऊन, कापून, हे सगळं केव्हाच बघतात. अंधारात आहे तो फक्त मिस्त्री. आणि जे पिलर बदलावेच लागतात ते सुटे तुकडे परवडणाऱ्या दरात मिळाले पाहिजेत. नाहीतर मालक "आहे तोच सरळ करा" म्हणणारच. त्या हॅचबॅकच्या मालकानंही तेच म्हटलं होतं.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. सातारा आणि सांगली दोन्हीकडे आयटीआय आहेत. त्यांनी नव्या पोरांबरोबरच पंधरा-वीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींसाठी आठवड्याच्या सुटीला बसतील असे दोन-दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत. त्यांच्या तारखा त्यांच्या धंद्याच्या सोयीनं, भाषा त्यांची. समोर खऱ्या गाडीचा कापलेला सांगाडा. ज्ञान खेड्यात येत नाही असं या जिल्ह्यात कुणी म्हणू नये. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला तेव्हा तिथं निवडुंग आणि साप होते. लोखंडी नांगरानं जमीन नासते अशी समजूत होती. तिथल्याच गावातल्या हातांनी ओतकाम शिकून तो नांगर घराघरांत नेला. आजचा गॅरेजवाला मिस्त्री त्याच मातीतला आहे. कानस घसरते ते स्टील कोणतं, हे एकदा त्याच्या हातानं अनुभवू दिलं तर त्याला पुन्हा सांगावं लागणार नाही.

ॲल्युमिनियमला जिथं जागा आहे तिथं ती द्यावी. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं ही त्याचीच आहेत. बोल्ट काढून बदलता येणारं बॉनेट ॲल्युमिनियमचं असायलाही माझी हरकत नाही, मिस्त्री ते अर्ध्या तासात उतरवतो. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची पेटी, रोज शेकडो किलोमीटर पळणारा माल ट्रक, तिथं वाचलेला प्रत्येक किलो पैसे परत देतो. मागचा अख्खा सांगाडा एकाच ओतीव तुकड्यात करायची जी नवी टूम परदेशातल्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये आली आहे, ती मात्र आपल्याकडे घरगुती गाडीत येऊ नये. त्या तुकड्याला तडा गेला तर आपल्या मिस्त्रीच्या हाती काहीच उरत नाही.

भाच्यानं शेवटी स्टीलचीच गाडी घेतली, भारत एनकॅपचा निकाल बघून. घेताना दाराचा पत्रा दाबला नाही, असं तो सांगतो. त्या मिरज रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे मी पुन्हा गेलो होतो. जुन्या ओळखीनं मिळवलेला, मधोमध कापलेला एक नाकारलेला पिलर सोबत नेला होता. त्यानं त्यावर कानस ओढली, ड्रिल लावला, मग गॅस पेटवून एक टोक लाल केलं, निवू दिलं आणि पुन्हा कानस ओढली. या वेळी कानसेनं धातू खाल्ला. बराच वेळ तो त्या टोकाकडे बघत होता. मग आत जाऊन त्यानं मालकाला फोन लावला, ती हॅचबॅक अजून कुठं आहे हे विचारायला.